हुकूमशहा या शब्दाची कैफियत

विषय: 'हुकूमशहा' या शब्दाचा अर्थ व व्युत्पत्ती, आणि त्यापायी कोशकार्यालयातील एका बाईंची झालेली बदली.

उपरोक्त विषयास अनुसरून मी तो शब्द स्वतःच बोलतोय. माझं निम्मं अंग अरबी, निम्मं फारसी. हुकूम आईकडचा, शहा बापाकडचा. आईच्याच घराण्यात हकीम आणि हिकमत जन्मले. भावंडं शहाणी निघाली. बट्टा लावला तो मी.

शब्दकोशाच्या कार्यालयात रीत अशी, की प्रत्येक शब्दाच्या कार्डावर रोजच्या व्यवहारातलं एक उदाहरण द्यायचं. माझं कार्ड बाईंच्या टेबलावर आलं. एकवीस वर्षांची नोकरी, मोत्यासारखं अक्षर, आणि दमा. त्यांनी अर्थ लिहिला: 'ज्याला कोणी जाब विचारू शकत नाही असा सत्ताधीश.' मग बंद खिडक्यांकडे पाहिलं. प्रमुख संपादकांना वारा सोसत नसे, म्हणून भर उन्हाळ्यातही त्या उघडायच्या नाहीत. बाईंनी उदाहरण दिलं: 'हुकूमशहाला गार लागलं, की सगळ्यांनी घामाघूम व्हायचं.'

कार्ड तपासणीला साहेबांपुढे गेलं.

"हे कोणाबद्दल आहे?"

"हुकूमशहाबद्दल, साहेब. शब्दच तो आहे."

"मी इथे कोणावर हुकूम गाजवतो का? विचारा सगळ्यांना."

विचारलं. रोज डबा खाताना त्या खिडक्यांवरून साहेबांचा उद्धार करणारे लेखनिक तात्या रुमालाने मान पुसत म्हणाले, "छे हो साहेब, आम्हाला तर थंडीच वाजते."

कार्यालयातल्या उरलेल्या बाराही टेबलांनी बाईंचा निषेध करणाऱ्या कागदावर सह्या केल्या. बाईंची बदली तळघरातल्या जुन्या कागदांच्या गोदामात झाली. तिथे धूळ आहे, खिडकी नाही.

"बाई, राग मानू नका हं," तात्या जिन्यात म्हणाले. "माझी दोनच वर्षं राहिलीत."

"राग कसला, तात्या? सही तेवढी वाचता येईल अशी करत जा."

लाज वाटते ती पुढची गोष्ट सांगायला. साहेबांनी मला तीनदा वाचलं, तेव्हा मी सुखावलो होतो. इतकं मन लावून मला कोणी वाचलं नव्हतं. माझ्यापायी एका बाईचा श्वास कोंडतोय, हे नंतर उमगलं. माझी व्युत्पत्ती कोशात अरबी-फारसी लिहितात. त्या दुपारी ती मी बारा टेबलांवर पाहिली.

आता माझ्या नव्या कार्डावर अर्थ आहे 'खंबीर शासक'. उदाहरणाची जागा कोरी आहे.

बाईंनी डॉक्टरांचा दाखला जोडून मूळ जागेसाठी अर्ज केला, त्याला सात महिने झाले. त्यावर शेरा आहे: 'सर्व कर्मचाऱ्यांचे मत मागवावे.' मत अद्याप कोणी दिलेलं नाही. अर्ज प्रलंबित आहे.