नागपंचमीचं ऋण

सन दोन हजार चोवीस. श्रावण, नागपंचमीचा दिवस. त्या दिवशी मला नाग ठरवलं.

मी देवगांडूळ बोलतोय. आजऱ्याजवळ एका गोठ्यामागे, शेणखताच्या ढिगात राहणारा. गांडूळ म्हणून हिणवू नका. मला कणा आहे, दात आहेत. मी बेडकाच्या भावकीतला, फक्त पाय नाहीत. अंड्यांभोवती वेटोळं घालून आई उपाशी राहिली, म्हणून आम्ही जगलो. डोळे नावापुरते. कान नाहीत, माणसांचं बोलणं जमिनीतून अंगात येतं.

ढिगात पाणी भरलं म्हणून मी वर आलो. गोठ्याच्या मालकीण शालूबाईंनी पाहिलं.

"अनुजा, नागोबाचं पिल्लू गं! सण बघून आलाय देव. दूध आण!"

पानावर उचलून मला ताम्हणात ठेवलं. हळद टाकली, वर दूध. मी कातडीने श्वास घेतो. ती लिंपली गेली. मी गुदमरून वळवळू लागलो.

"बघ, कसा डोलतोय!"

त्यांची सून अनुजा वाकली. "आत्याबाई, फणा कुठाय ह्याला? देवगांडूळ हाय ह्यो. मरंल की!"

"आलीस मोठी शानी! देवाला नावं ठेवतीस?"

अनुजाने ताम्हणच उचललं. तांब्याभर पाण्याने मला धुतलं. सणाला माती उकरत नाहीत, म्हणून घरामागच्या परड्यात, तिने माहेरून आणलेल्या काजूच्या कलमाखाली, ओल्या पाल्यात सोडलं.

फुकटचा उपकार आमच्या अंगी लागत नाही. मला कुठे चैन पडेना.

पाऊस सरला. माती वाळू लागली की आम्ही खोल जातो. मी गेलो नाही. कलमाच्या मुळाला वाळवी लागली होती, ते सुकत चाललं होतं. वरून शालूबाईंचा आवाज यायचा.

"म्हायेरचं कलम! हितल्या मातीत तगतंय व्हय? दिवाळी झाली की उपटते बघ."

"तवर तरी ऱ्हाऊ द्या की," अनुजा म्हणायची.

मी वाळवी खात सुटलो. भूक नसतानाही खाल्ली. कातडी कोरडी पडायची. खाली ओलीत जायचो, जीव थाऱ्यावर नसायचा, पुन्हा वर यायचो. म्हातारं अंग ते. पण थांबलो नाही.

दिवाळी झाली. शालूबाईंची जड पावलं आली, कुदळीचा एक घाव जवळच बसला. मागून अनुजा धावत आली.

"आत्याबाई, थांबा! बुडाकडं बघा. पालवी हाय ही!"

मग कुदळ बाजूला पडली.

"बरं. ऱ्हाऊ दे."

ऋण फिटलं.