शकुबाईंचं नाव माझ्याकडेच होतं

मित्रांनो, कामशेतच्या डायलिसिस केंद्रात कधी आलात, तर जिन्याखाली चपलांच्या मांडणीशेजारी एक काळी लोखंडी पेटी दिसेल. येणारे-जाणारे तिच्यावर पिशव्या ठेवतात. ती पेटी म्हणजे मी. मी सर्व्हर आहे, म्हणजे इतर संगणकांना लागणारी माहिती सांभाळणारा संगणक. वयाने आता जुना झालो आहे.

माझी जोडणी चाकणकडच्या एका शेडमध्ये झाली. तिथून मला इथे आणलं ते प्रज्ञेशने. तो सुदुंबऱ्याचा, आणि या केंद्रातलं संगणकाचं सगळं काम तो एकटाच बघायचा. आल्यावर पहिले आठ दिवस त्याने मला हातही लावला नाही. काउंटरवर सविता सिस्टरांच्या शेजारी स्टूल टाकून बसला आणि त्या वहीत काय लिहितात, कुठे खाडाखोड करतात, ते बघत राहिला. मग त्याने माझ्यासाठी एक साधं वेब ॲप्लिकेशन लिहिलं. रुग्णाचं नाव, वार, यंत्राचा नंबर, एवढंच. रोज सकाळी सात वाजता मी यादी छापून द्यायचो. नऊ यंत्रं, दिवसाला दोन पाळ्या. पाच वर्षांत एक नाव गळलं नाही. पाहुणे आले की सिस्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "हा आहे म्हणून मला घरी वेळेवर जाता येतं." मला फार बरं वाटायचं.

मग केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टने लोणावळ्यात आणि तळेगावात आणखी दोन केंद्रं काढली. तिन्ही केंद्रं आणि रक्ततपासणीची लॅब एकमेकांना जोडायची होती. ट्रस्टचे अध्यक्ष महिपतीकाका एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले. कुठल्याशा सादरीकरणात त्यांना मिडलवेअर नावाची प्रणाली आवडली. वेबपान आणि नोंदींचा साठा यांच्या मधे बसून ती निरोपांची ने-आण करते. मोठमोठ्या उद्योगांत ती वापरतात. प्रज्ञेश म्हणाला, आपल्याला त्यातला थोडासाच भाग लागेल. आधी फक्त लॅबचे अहवाल त्यावर घालू, तेही एकाच केंद्राचे. काकांना ते पटलं नाही. विकत घेतलंच आहे तर सगळं एकदम घालायचं, आणि तेही ट्रस्टच्या वर्धापनदिनाच्या आत.

मित्रांनो, तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. ती प्रणाली माझ्यात बसली आणि माझी जवळजवळ सगळी मेमरी तिनेच व्यापली. आधी मी मिनिटभरात जागा व्हायचो, आता बारा मिनिटं लागायची. पानावर एक रकाना वाढवायचा तर प्रज्ञेशला सहा ठिकाणी बदल करावे लागत, आणि एक राहिला की सगळंच बंद पडे. ती प्रणाली विकणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला की दर वेळी वेगळा माणूस यायचा आणि पहिल्यापासून सगळं विचारायचा. प्रज्ञेश जेवणाचा डबा उघडायचा आणि तसाच बंद करून ठेवायचा. कोणती नोंद घ्यायची आणि कोणती नाकारायची, या नियमांची फाइल कंपनीने आपल्या नमुन्यातली तयारच दिली होती. ती वाचायला त्याला वेळ मिळाला नाही, आणि सविता सिस्टरांना तर कुणी विचारलंच नाही.

मळवलीच्या शकुबाई दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी यायच्या. त्यांना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती. सिस्टरांनी अंदाजाने फक्त वर्ष लिहिलं होतं, आणि मला तेवढं पुरत होतं. नव्या नियमाला पूर्ण तारीख हवी होती. तो लागू झाल्यावरच्या पहिल्याच पाळीसाठी, शनिवारसाठी, शकुबाईंची नोंद भरली गेली, पानावर हिरवी खूण आली, 'नोंद झाली' अशी अक्षरंही उमटली. पण मधल्या प्रणालीने निरोप अडवला आणि नाकारलेल्या निरोपांच्या ढिगात टाकला. तो ढीग माझ्यातच होता. कुणाच्याही पडद्यावर तो दिसत नव्हता.

शनिवारी सिस्टर प्रशिक्षणासाठी लोणावळ्याला गेल्या होत्या. काउंटरवरच्या नव्या मुलीने यादी बघितली, नाव नाही म्हणून सांगितलं आणि मंगळवारी यायला सांगितलं. यंत्र दुसऱ्याला देऊन झालं होतं. शकुबाई काही वेळ बाकावर बसल्या आणि निघून गेल्या. मी चालू होतो, पंखा गरगरत होता, नाव माझ्याजवळ होतं. पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

सोमवारी दुपारी त्यांना टेम्पोतून आणलं. पाय सुजलेले, श्वास लागलेला, ओठ काळे पडलेले. डॉक्टरांना बोलावून सिस्टरांनी जादा पाळी लावली. संध्याकाळी शकुबाईंनी पाणी मागितलं तेव्हा कुठे सिस्टर खुर्चीत बसल्या.

प्रज्ञेशने माझ्यात शोधलं. ढिगात शकुबाईंच्या नोंदीसकट एक्केचाळीस निरोप सापडले. ट्रस्टच्या बैठकीत त्याने त्या निरोपांची छापील यादी ठेवली, पण काका म्हणाले, सर्व्हर जुनाट आहे, तो बदला. दोष माझ्यावर आला. नवा सर्व्हर आला आणि मला जिन्याखाली ठेवलं. आठवडाभरात नव्यातही तेच झालं. सिस्टर आता यादी वहीशी ताडून बघत होत्या म्हणून निभावलं.

या वेळी प्रज्ञेश काकांसमोर उभाच राहिला. "काका, पेटी नवी आली, पण जन्मतारीख नसलेलं नाव अजून परत जातंय. नियम आपण वाचलेच नाहीत. आणि जी बाई रोज नावं लिहिते, तिला आपण विचारलं नाही."

काका म्हणाले, "तुला हवं तसं कर."

पुढचे दोन महिने तो आणि सिस्टर शेजारी शेजारी बसले. एकेक नियम आधी मराठीत कागदावर लिहिला, मग प्रणालीत घातला. पाळ्यांची नोंद पुन्हा साध्या ॲप्लिकेशनवर आली. मिडलवेअरकडे फक्त लॅबचे अहवाल राहिले, तेही एकेका केंद्राचे. आणि खरं सांगायचं तर ते काम ती चोख करते. नाकारलेले निरोप आता सकाळी सगळ्यात आधी लाल अक्षरांत सिस्टरांपुढे येतात. मलाही पुन्हा वीज जोडली आहे. रोजच्या यादीची एक प्रत माझ्याकडे असते.

त्यानंतर एका गुरुवारी काका शकुबाईंच्या खाटेपाशी आले. आता सगळं सुरळीत झालं आहे, नवी यंत्रणा नीट चालते, असं सांगू लागले. शकुबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "भाऊ, त्या दिशी माजं नाव हुतं का तुमच्याकडं?"

काका म्हणाले, "होतं, शकुबाई."

"मग न्हाई का म्हनला?"

काका स्टूल ओढून पाळी संपेपर्यंत तिथेच बसून राहिले.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या अशी प्रणाली बसवेल, कुणी विकत घेईल. तेव्हा माझी एक विनंती आहे. तिने काय काय स्वीकारलं ते ती स्वतःच हिरव्या खुणेने दाखवेल. तिने काय नाकारलं, ते तुम्ही रोज विचारा. आमच्या पोटात पडलेलं नाव म्हणजे बाहेर बाकावर बसलेलं माणूस असतं.