कळंबहून धरलेला सूर

कोकणातल्या ज्यू मुलांच्या धर्मशिक्षणाच्या शाळेला मी कळंबहून फोनवर गाणं शिकवतो. प्रार्थना पेटीवर बसवून झाली, तेव्हा त्यांच्या आबिगेलबाई म्हणाल्या, "मास्तर, पोरं ती शब्बाथला, शनिवारच्या आमच्या विसाव्याच्या दिवशी म्हणणार; पण तेव्हा आम्ही पेटी वाजवत नाही. फोनही बंद."

"मग सगळ्यांसमोर पोरं सूर कुठनं धरणार?"

"मनातनं."

मला धीर कुठला! शनिवारी उजाडताच मी घरी पेटीवर त्यांचा सूर धरला, तो सोडलाच नाही. बाजारातले तराजू डोलले, एसटीचा हॉर्नही त्याच पट्टीत वाजला.

बायको म्हणाली, "अवं, कोकण लई लांब हाय!"

"सुराला तिकीट लागतं व्हय?"

चांदण्या दिसल्यावर शब्बाथ संपला, तसा आबिगेलबाईंचा फोन आला. "मास्तर, एकही पोर बेसूर झालं नाही!"

तेव्हा कुठं मी भात्यावरचा हात काढला आणि पोटभर जेवलो.