हँडलवरची पिवळी रेघ

आमच्या घरातल्या प्रत्येक बोल्टवर एक पिवळी रेघ आहे. ती बोल्टच्या डोक्यावरून निघते आणि शेजारच्या पत्र्यावर संपते. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ मोडते आणि कुणीतरी हात लावलाय हे कळतं. आमचे हे, म्हणजे दिनकरराव, लखनौच्या मानक नगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत चौतीस वर्षं चाचणी विभागात होते. तिथली ही शिस्त त्यांनी घरी आणली. पंख्याला रेघ, गिझरला रेघ, माझ्या शिलाई मशीनला रेघ. कुकरच्या मुठीलाही आहे. सून नवीन आली तेव्हा तिला वाटलं, आमच्या घराण्यात हळद लावायची काहीतरी पद्धत असावी.

त्या पिवळ्या रंगाचा डबा आणि सगळी हत्यारं एका हिरव्या लोखंडी पेटीत. पेटीची किल्ली ह्यांच्या जानव्याला. आंघोळीलाही ती सोबत जाते.

गेल्या वर्षी ह्यांनी मिक्सर दुरुस्त केला आणि नारळाची चटणी छताला लागली. मग गिझरकडे वळले. त्याचा झटका आमच्या मुलाला, अनुपला, बसला. बिचारा ओल्या अंगाने टॉवेलवर बाहेर पळत आला. त्या दिवशीच त्याने ठरवून टाकलं.

“बाबा, आता बस. ही पेटी आपण आयटीआयला देऊन टाकू. पोरांच्या कामी येईल.”

हे पेटीजवळ स्टूल घेऊन बसले, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. ते घरात सगळ्यांना दिसतं आणि कुणीच बोलत नाही. चहाचा कप मी मुद्दाम अर्धाच भरते आणि वर म्हणते, दूध महाग झालंय.

अशात नातीची सायकल बिघडली. सावनी एकोणीस वर्षांची. डोंगरावर चालवायची जाड टायरची सायकल तिने जुनी विकत घेतली आहे. लखनौत डोंगर कुठला, पण गोमतीकाठच्या चिखलात घालून आणते आणि गाड्या धुतात तिथे जोराच्या पाण्याने धुऊन घेते. पाणी आत शिरलं. हँडल वळवलं की करकरायचं आणि मधोमध आलं की अडकायचं, जणू तिथे खाच पाडली आहे.

“हेडसेट गया, आजोबा,” सावनी म्हणाली. आपण मराठीत बोललं की ती हिंदीत उत्तर देते, तशीच वाढली आहे. “संडे को पूरा ग्रुप मलिहाबाद जा रहा है. आलमबाग वाले भैया को दे दूँ?”

हँडलचा दांडा चौकटीतून खाली उतरतो तिथे वर एक आणि खाली एक बेअरिंग असतं. त्यांच्यावर हँडल फिरतं. तेच हे हेडसेट. आमच्या मिरजेला त्याला वाट्या-छर्रे म्हणायचे.

“भैयाला कशाला?” हे उठून उभे राहिले. “मी रेल्वेचे डबे तपासलेत. एक सायकल मला जड आहे?”

अनुप पेपरमधून म्हणाला, “बाबा, गिझर उडाला तर झटका बसतो. हँडल सैल राहिलं तर पोरीचे दात जातील.”

“लाव पैज.”

“लावतो. रविवारी सावनी मलिहाबादला जाऊन धडधाकट परत आली तर पेटी राहील. नाहीतर सोमवारी आयटीआय. आणि शनिवारी संध्याकाळी मी स्वतः तपासणार. जराही खुटखुट वाटली तरी सायकल गेटबाहेर जाणार नाही.”

“मंजूर,” हे म्हणाले. त्यांचा आवाज मात्र जरा जास्तच चढला होता.

बेअरिंगची नवी जोडी आली. गुरुवारी व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरून ह्यांनी काम सुरू केलं. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी भेंडी घेऊन शेजारी बसले. हँडल निघालं, चिमटा चाकासकट खाली उतरला, गंजलेली बेअरिंगं बाहेर आली. ह्यांनी सगळं रॉकेलने पुसलं, ग्रीस लावलं. मग खालचं बेअरिंग उचललं आणि उलटं बसवलं.

माझी सुरी भेंडीवरच थांबली.

आता एक सांगायला हवं. माझ्या वडिलांचं, आप्पांचं, मिरजेला सायकलचं दुकान होतं. नऊ वर्षांची असल्यापासून मी शाळेतून थेट दुकानात जायची. पंक्चर, स्पोक, छर्रे, सगळं करायची. तेव्हा छर्रे एका गोल जाळीत बसवलेले यायचे आणि ती जाळी एकाच बाजूने बसायची. “जाळी उलटी घातलीस की कितीही कस, हँडल डुगडुगणारच,” आप्पा म्हणायचे आणि माझ्याकडून डोळे मिटून ओळखून घ्यायचे, बोटाने, उतार कुठल्या बाजूला आहे ते.

पण एकोणीसशे त्र्याहत्तरला हे मला बघायला आले तेव्हा आईने माझे हात बेसन आणि राखेने अर्धा तास घासले. नखांतलं काळं दाभणाने काढलं. पाहुण्यांनी विचारलं, “मुलगी दुकानात बसते का हो?” आप्पा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “छे छे, ती दुकानाची पायरीही चढत नाही.” तेव्हापासून मी ती पायरी चढलेली नाही. सुरुवातीला संसार मोडायच्या भीतीने आणि नंतर, खरं सांगायचं तर, मजा म्हणून. हे मला पाना आणि पक्कड यांतला फरक समजावून सांगत आणि मी पदर सावरून “अगंबाई, असं होय!” म्हणे. पन्नास वर्षं हा खेळ चालला होता.

त्यामुळे गुरुवारी मी एवढंच म्हणाले, “अहो, त्याला उलटं-सुलटं असतं का हो काही?”

“तू भेंडी चीर.”

चिरली.

शुक्रवारी ह्यांनी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलली. खुट. वरचा बोल्ट आवळला. खुट गेली, पण हँडल वळेना. सैल केला, वळलं, पण पुन्हा खुट. आवळ, सैल, आवळ. संध्याकाळी त्यांनी ठरवलं की ह्या सायकलच्या रचनेतच दोष आहे आणि कंपनीला पत्र लिहायला बसले. पत्रात तीन मुद्दे होते. अक्षर इतकं हललं होतं की दुसरा मुद्दा मलाही वाचता येईना. मग त्यांनी पत्र फाडलं आणि शेवटचं आवळून तिन्ही बोल्टांवर पिवळ्या रेघा ओढल्या. जेवताना मला हळूच म्हणाले, “पद्मिनी, त्या पेटीत माझ्या पहिल्या पगाराचा पान्यांचा सेट आहे. तेवढा तरी ठेवून घेऊ देईल ना तो?”

मी त्यांना आणखी आमटी वाढली. दुसरं काय करणार?

शनिवारी दुपारी दोन वाजता हे नेहमीसारखे झोपले. घोरण्याला लय आल्यावर मी सावनीच्या खोलीत गेले.

“तुझ्या सायकलच्या पिशवीत घडीचा पाना असतो ना? दे. आणि ती पिवळी नेलपॉलिश.”

“आजी, आप नेलपॉलिश लगाएँगी?”

“सायकलला. चल, चिमटा धरायला माणूस हवंय.”

मी आधी वरची टोपी काढली, मग बाजूचे दोन बोल्ट सैल केले, हँडल उचलून दोरीने दाराच्या कडीला अडकवलं. सावनीने चिमटा हळूहळू खाली घेतला. मी डोळे मिटले. बेअरिंगच्या कडेवरून बोट फिरवलं आणि एक्कावन्न वर्षांनी तो उतार बोटाला लागला. मिरजेच्या दुकानातला ग्रीसचा वास आला. तो वास सगळीकडे तोच असतो.

“आजी, आप ये सब कैसे जानती हैं?”

“हळू बोल. तुझे आजोबा उठले तर मी सांगेन, तू केलंस.”

“मैं क्यों!”

“तू तरुण आहेस, ओरडा पचतो.”

मी बेअरिंग सुलटं केलं, सगळं परत चढवलं. आधी वरचा बोल्ट, डुगडुग जाईपर्यंत आणि वळणं अडणार नाही इतकाच. मग हँडल सरळ बघून बाजूचे दोन. ब्रेक दाबून ढकललं. खुट नाही. पुढचं चाक उचलून सायकल तिरकी केली, तर हँडल आपल्या वजनाने अलगद वळलं, मानेवर हात ठेवल्यावर गाय वळते तसं. सावनीने तोंडावर हात ठेवला आणि एरवी मोठ्याने हसणारी ती हसू दाबताना फक्त थरथरली.

मोडलेल्या रेघा मी खरवडल्या आणि नेलपॉलिशने नव्या ओढल्या. आतून घोरणं थांबलं तेव्हा मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होते.

संध्याकाळी अनुपने पंधरा मिनिटं सायकलची झडती घेतली. ढकलली, उचलली, गल्लीतून चक्कर मारून आला. “मानलं बाबा. एकदम मक्खन.”

हे वाकून हँडलकडे बघत होते. चष्मा वर केला, खाली केला. एक बोट रेघेवरून फिरवलं. मग स्वतः दोनदा ब्रेक दाबून बघितलं, चाक उचलून बघितलं, आणि म्हणाले, “जाऊ दे तिला.” रात्री जेवले नीट, पण माझ्याशी एक शब्द नाही. मला आमटीत मीठ घातलं की नाही तेही आठवेना.

रविवारी पहाटे सावनी गेली. ऊन चढायच्या आत, नऊच्या सुमाराला, पाठीवरच्या पिशवीत पाच किलो दशहरी आंबे घेऊन परत आली. दात सगळे जागेवर.

“ठीक आहे बाबा,” अनुप म्हणाला, “पेटी राहिली. पैज म्हणजे पैज.”

“नाही,” हे म्हणाले. “पैज मी हरलो. काम माझं नाही.”

सावनी एकदम आंबे मोजायला लागली.

“म्हणजे?”

“ह्या रेघा बघ. किती सरळ आहेत.” त्यांनी उजवा हात पुढे केला. हात हलत होता आणि पहिल्यांदाच त्यांनी तो खिशात घातला नाही. “मला दोन वर्षांत अशी रेघ ओढता आलेली नाही. घरात इतकी सरळ रेघ फक्त रांगोळीत दिसते.”

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी पदराने कपाळ टिपलं. पण अगंबाई म्हणायची सोय उरली नव्हती.

“काय चुकलं होतं माझं?” ह्यांनी विचारलं.

“खालचं बेअरिंग उलटं होतं.”

“भेंडी चिरताना तू विचारलं होतंस.”

“हो.”

“कुणी शिकवलं?”

“आप्पांनी.”

“ते तर म्हणाले होते, मुलगी दुकानाची पायरी चढत नाही.”

“म्हणाले होते खरं.”

ह्यांच्या चेहऱ्यावर राग येतोय की हसू, ते त्यांनाच कळत नसावं. एक्कावन्न वर्षांचे सगळे पाने आणि पकडी त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असणार. अनुप घसा खाकरून म्हणाला, “म्हणजे मग पेटी...”

“पेटी जाते,” हे म्हणाले. त्यांनी शर्टात हात घातला, जानव्याची गाठ सोडायला बराच वेळ लागला. किल्ली काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. “माझ्या ताब्यातून जाते. आता ती हिची. तुला आईच्या वस्तू आयटीआयला द्यायच्या असतील तर तिला विचार.”

अनुपने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. चौथीत त्याने माझी कात्री विचारल्याशिवाय नेली होती तेव्हा बघितलं होतं, तसंच.

“मैं कुछ नहीं बोल रहा, भाई,” तो म्हणाला आणि आंबा चोखायला बसला.

दुपारी हे झोपले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“पद्मिनी, तो बारा नंबरचा पाना जरा हवा होता.”

“कशाला?”

“बाथरूमचा नळ गळतोय.”

“लेखी अर्ज द्या,” मी म्हणाले. “कारण, वेळ, आणि परत कधी करणार ते लिहा. आणि नळाला हात लावायच्या आधी मला हाक मारा, मी शेजारी बसणार आहे.”

“भेंडी घेऊन?”

“नाही. आज तुम्ही चिरा.”