‘रस्टेड बिशप’ची अमेरिका मोहीम

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या ‘रस्टेड बिशप’ या हार्ड रॉक बँडने दीड वर्षाच्या प्रदीर्घ कारकिर्दीनंतर अमेरिका जिंकायचं ठरवलं. अमेरिका म्हणजे ओहायोतले दोन बार, आणि मुक्काम ड्रमर कुशच्या शोभामावशीच्या बेसमेंटमध्ये, ओहायोतल्याच डब्लिन नावाच्या गावी. जगाला आग लावायला निघालेले चौघे वीर मावशीच्या धाकाने बूट दाराबाहेर काढून गपगुमान पोहे खात होते.

पहिल्या बारमध्ये श्रोत्यांपेक्षा वेटर जास्त होते. दुसऱ्याने फुटबॉलच्या मॅचसाठी शोच कॅन्सल केला. गायक नायजेल म्हणाला, गिटारवाल्या कॉलिनचे सोलो लांबतात म्हणून लोक पळतात. कॉलिन म्हणाला, नायजेलने तोंड उघडलं की पळतात. कुशला दोघांचंही पटत होतं, पण ड्रमरला विचारतो कोण?

तेवढ्यात मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची गायिका आजारी पडली.

“तुम्हीच वाजवा,” मावशी म्हणाली. “फक्त गाण्यातल्या शिव्या काढा.”

“मावशी, मग गाण्यात उरणार काय?”

“मग नुसतं वाजवा.”

शाळेच्या हॉलमध्ये तिसऱ्याच गाण्याला कॉलिनचा सोलो सुरू झाला आणि संपेचना. पहिल्या रांगेतल्या काकूंनी कानात बोटं घातली. शेवटी नायजेलने गिटारची वायरच उपटली. दोन्ही कलावंत एकमेकांची कॉलर धरून विंगेत गेले. बेसवाला शहाणा, तो श्रीखंड-पुरीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

स्टेजवर उरला कुश. थांबलं तर शांतता पसरेल, या भीतीने तो वाजवत राहिला. डोक्यावर कोणी किंचाळत नव्हतं, त्यामुळे त्याला स्वतःचं वाजवणं पहिल्यांदाच ऐकू आलं. बरं वाटलं. हात हळूहळू लेझीमच्या ठेक्यावर गेले. आधी पोरं नाचायला आली, मग काकू. ‘रस्टेड बिशप’च्या इतिहासात लोक खुर्चीतून उठले आणि दाराकडे गेले नाहीत, असं प्रथमच घडलं.

दुसऱ्या दिवशी नायजेल आणि कॉलिन वेगवेगळ्या विमानांनी परतले. कलात्मक मतभेदांमुळे बँड विसर्जित होत असल्याचं त्यांनी जगाला कळवलं. जगाने ते धीराने घेतलं. कुशला वाईट वाटायला हवं होतं. तो मनापासून प्रयत्नही करत होता. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष पुरुषोत्तमकाका यांचा फोन आला.

“पुढच्या वर्षीही ये रे. ते दोघे नसले तरी चालेल.”

“विचार करून सांगतो, काका,” कुश म्हणाला, आणि त्याच श्वासात, “येतो.”