पैलवानाचे वजन

मी एक जुना वजनकाटा आहे आणि मी आयुष्यात कधीही खोटे बोललेलो नाही. म्हणजे, मला कोणी हात लावत नाही तोपर्यंत.

मित्रांनो, माझ्याबरोबर कारखान्यात घडलेली भावंडे निरनिराळ्या धंद्यांत शिरली. कोणी भंगारवाल्याकडे गेला, कोणी कांद्याबटाट्याच्या वखारीत. त्यांना सपाट फळी मिळाली, मला मात्र खोलगट ताट. 'हा लहान मुलांचा,' असे म्हणून मला बाजूला ठेवले, तेव्हा मला वाटले, आपल्याला खेळायला नेणार. नेले ते मुलांच्या दवाखान्यात. इथे येणारे प्रत्येक मूल मला पाहताच भोकाड पसरते. ओळख होण्याआधीच अंगावरचे कपडे काढले जातात, तेव्हा मी त्यांना दोष देत नाही.

माझी दांडी पितळी आहे. सिस्टर तिच्यावरचे वजन बोटाने हळूहळू सरकवते, दांडी वरखाली डुलते आणि मग एक क्षण असा येतो, की ती वरही जात नाही, खालीही येत नाही. नुसती तरंगते. त्या क्षणी ताटातले मूल, मी आणि सगळी खोली जणू पाण्यावर पडून असतो. दुपारी दवाखाना रिकामा झाला, की दुधी काचेतून आलेले ऊन माझ्या ताटात येऊन पहुडते. मी तेही जोखून पाहतो. उन्हाचे वजन भरत नाही, पण झोप छान लागते.

मध्यंतरी माझ्या जागी लाल आकड्यांचा नवा काटा आला आणि मी कोपऱ्यात सिस्टरची पर्स सांभाळू लागलो. पण मुलाने पाय झाडला की नव्याचे मत बदले. अशी माणसे मोठ्या पदाला चढतात, काट्यांना मात्र ती सवलत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आपला जुनाच बरा." मी परत टेबलावर आलो, आणि थोड्याच दिवसांत ती आली.

तिला ठेवले तेव्हा मला वाटले, सिस्टरने चुकून नुसते दुपटेच ठेवले. तिचे वडील तिला 'पैलवान' म्हणत. जन्मतःच तिच्या हृदयाला छिद्र होते. दूध प्यायचे म्हटले तरी तिच्या कपाळावर घाम फुटे आणि अर्ध्यावरच ती दमून झोपी जाई.

"ऑपरेशन करायचंच आहे," डॉक्टरबाईंनी सांगितले, "पण ते पेलायला अंगात काही हवं ना? आधी वजन वाढू दे. तोवर दर आठवड्याला या. औषधसुद्धा वजनावरच ठरतं."

झाले. त्या घराचा आठवडा माझ्याभोवती फिरू लागला. वडिलांचे किराणा दुकान होते. दवाखान्याच्या दिवशी ते दुकानाला 'आत्ता येतो' अशी पाटी लावून निघत आणि संध्याकाळी दुकानात परत पोचत. गिऱ्हाइकाला चिमूटभर जास्तच घालणारा हा माणूस माझ्याकडे धंदेवाईक आपुलकीने बघे. "काय राव," एकदा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आज जरा सढळ हाताने." मी काय बोलणार? आई शिवणकाम करायची. वाढत्या अंगाचे म्हणून तिने लेकीला ऐसपैस झबले शिवले होते. अंग काही त्या झबल्यापर्यंत पोचत नव्हते.

बाकावर शेजारी बसलेल्या बाया सल्ले देत. एक तर दर वेळी म्हणे, "आमचा बाळ्या काही घेतच नाही हो." तिचा बाळ्या ठेवला, की माझी दांडी टणकन वर आदळे. पैलवान आली, की दांडी जागची हलत नसे. कितीतरी आठवडे वडील तेच वजन ऐकून मान हलवत, लेकीला खांद्यावर घेत आणि पाटी उतरवायला परत जात.

मग एका सकाळी माझ्या ताटाच्या काठावर काहीतरी टेकले. ऊबदार होते. त्याला साबणाचा आणि सुतळीचा वास होता. ती वडिलांची करंगळी होती.

दांडी उठली आणि तरंगली. सिस्टरने आकडा मोठ्याने वाचला. डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्या. "अरे वा! मग औषध वाढवू, आणि ऑपरेशनची तारीखही बघू."

वडील हसले. आई झबल्याचे बंद बांधता बांधता थांबली.

"अहो, झबलं तितकंच ढगळ आहे."

"अगं, तूच सैल शिवलंयस."

"मी शिवलंय म्हणूनच सांगतेय." तिने बंद पुन्हा सोडले आणि लेकीला ताटात ठेवले. "सिस्टर, परत मोजा. आणि तुम्ही हात खिशात घाला."

"या सदऱ्याला खिसा नाही."

"मग डोक्यावर ठेवा."

वडिलांनी हात डोक्यावर ठेवले. दांडी खाली आली आणि बसली.

"अहो दुकानदार," डॉक्टरबाई सावकाश म्हणाल्या, "औषध मी हिला देणार आहे, तुमच्या करंगळीला नाही. जास्त गेलं असतं तर जिवावर बेतलं असतं. आणि इतक्यात ऑपरेशनच्या टेबलावर घेतली असती, तर..."

"दुकानात मी कधी एका दाण्याचं खोटं केलं नाही हो," वडील म्हणाले. हात अजून डोक्यावरच होते. "हिला नुसता जरा हात द्यावासा वाटला."

आईने पदराचे टोक पुढे केले. "पुसा डोळे. पैलवानाचे वडील ना तुम्ही?"

त्या दिवशी डॉक्टरबाईंनी उपाय बदलला. तिला ओढून पिण्याचे श्रम नकोत म्हणून नाकातून एक बारीक नळी घातली आणि घरी दूध कसे द्यायचे ते दोघांना शिकवले. पुढच्या आठवड्यापासून वडील खोलीत शिरले, की न सांगता हात डोक्यावर ठेवून भिंतीशी उभे राहत. नवे आलेले बाप त्यांना बघून, इथला नियमच असावा असे समजून, तसेच उभे राहू लागले. त्यांना कोणी अडवले नाही.

आणि मग एकदा पैलवान माझ्या ताटातच झोपली. सिस्टरने वजन थोडे पुढे सरकवले, अजून थोडे सरकवले. दांडी, तळाशी गेलेले पान पाण्यावर यावे तशी हळूच वर आली आणि तरंगत राहिली. मला वाटले, आता हे कोणी वाचूच नये. पण सिस्टरने वाचले. डॉक्टरबाईंनी स्वतः पुन्हा मोजले. भिंतीशी बापांची एक रांग डोक्यावर हात ठेवून उभी होती आणि त्यातला एक रडत होता.

ऑपरेशन दुसऱ्या इमारतीत झाले. काटे तिकडे जात नाहीत. त्या दिवशी माझ्या ताटात मुले नेहमीसारखी रडली असतील, मला ऐकू आली नाहीत. पुढे पुष्कळ दिवसांनी ती आली तेव्हा छातीवर एक उभी रेघ होती, नाकात नळी नव्हती. मला पाहताच तिने जे भोकाड पसरले, ते पार औषधांच्या खिडकीपर्यंत गेले. तोवर तिला रडण्यापुरताही दम नव्हता. इतके सुरेल रडणे मी दुसरे ऐकलेले नाही.

मित्रांनो, जुन्या काट्यांची निगा राखा. त्यांच्या ताटात पर्स ठेवू नका, दांडीवर धूळ बसू देऊ नका. आणि आपले माणूस मोजले जात असेल, तेव्हा कितीही माया असली तरी काठापासून दूर उभे राहा.

पैलवान आता शाळेत जाते. ती माझ्या ताटात मावत नाही. मागच्या आठवड्यात तिची आई तिला घेऊन आली होती, पोरगी धड जेवत नाही म्हणून. डॉक्टरबाईंनी तपासले आणि सांगितले, या वयात कोणीच जेवत नाही. औषध काही दिले नाही.