हवाड्याचं पहिलं पाणी

"मा, गाई पीत नाहीत गं! नुसत्या हुंगतायत आणि तोंड फिरवतायत."

गुराखी हमीरची हाक ऐकून लाछूमा काठी टेकत बाहेर आली. गावाबाहेरचा तो हवाडा, म्हणजे जनावरांच्या पाण्याची लांबट दगडी कुंडी, तिच्या नवऱ्याने बांधली होती. नवरा गेला. मुलगा ट्रक घेऊन गांधीधामला गेला तो तिकडचाच झाला. लाछूमाच्या वाट्याला हा हवाडा उरला. दिवसभरात माणसाचा शब्द कानी पडायचा, तो संध्याकाळी हमीरचा कळप पाण्यावर आला की.

अमावास्येला बैल जुंपायचे नाहीत आणि त्याच दिवशी हवाडा धुवायचा, ही इथली रीत. सकाळी लाछूमाने काथ्याने शेवाळ खरवडलं, आतून चुना फासला, वाळल्यावर पाणी सोडलं. चुन्याचं पहिलं पाणी सोडून द्यायचं असतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. पण कच्छातला वैशाख! भरलेला हवाडा मातीत रिकामा करायला तिचा हात होईना. धुणाऱ्याने पहिली ओंजळ स्वतः प्यायची, म्हणून ती प्यायलीही. तपकिरीने बधिर झालेल्या जिभेला ते पाणी गोडच लागलं.

हमीरने बोट बुडवून चाखलं आणि थुंकला. "नुसता चुना! मा, पान खायला बोलावलंस की काय आम्हाला?"

"म्हातारीची चेष्टा करतोस मेल्या? थांब जरा. बूच काढते, दुसरं भरते."

"भरेपर्यंत अंधार पडेल. तहानेने जीव चाललाय त्यांचा. सडकेवरच्या नव्या हवाड्यावर नेतो."

"उद्या येशील ना रे?"

"जनावराचं तुला ठाऊक आहे, मा. एकदा बिचकलं की..." त्याने कळप सडकेकडे वळवला.

लाछूमाने त्याच संध्याकाळी बूच काढलं आणि हवाडा पुन्हा भरला. जपून ठेवलेलं पाणी गेलंच, वर गाईही गेल्या. दुसऱ्या दिवसापासून घंटा ऐकू यायच्या, पण लांबून, सडकेच्या अंगाने. ती रोज हवाड्यावर जायची. धुवायला काही नसायचं. काडी नाही, लाळ नाही, शेण नाही. "किती घाण करता गं, सटव्यांनो!" असं ज्यांच्यावर ती जन्मभर खेकसली, त्यांच्या घाणीसाठी आता तिचा जीव तुटायचा.

पौर्णिमेच्या सुमारास एका सकाळी ती काथ्या घेऊन गेली, तर पाणी बोटभर उतरलेलं. काठाच्या चिखलात खूर उमटला होता आणि चघळलेल्या गवताची एक काडी लाळेसकट पाण्यावर तरंगत होती. कुणाची तरी चुकार गाय असेल.

सवयीने लाछूमाने काडी काढायला हात घातला. मग तसाच मागे घेतला, आणि काथ्या बाजूला ठेवून हवाड्याच्या काठाशी बसून राहिली.